एका छिद्रावर दोन हत्यारं



विमानाच्या इंजिनात टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात, त्याचं तापमान त्या पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असतं. तरी पाती वितळत नाहीत. त्यांच्या अंगावर बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून निघणाऱ्या तुलनेने थंड हवेचा पातळ पदर पात्यावर पसरत राहतो. छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. मला आज बोलायचं आहे ते या छिद्राच्या भिंतीबद्दल.

लेसर असं छिद्र झपाट्याने पाडतो. धातू वितळवायचा, त्याची वाफ करायची आणि उडवून द्यायचा. पण वितळलेला सगळा धातू बाहेर पडत नाही, थोडा भिंतीवरच थिजतो. असं छिद्र उभं कापून, घासून, आम्लाने धुऊन मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा भिंतीला चुना लावावा तसा पांढरा थर दिसला. जाडी वीस-तीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी. पण त्या थरात तडे होते, आणि तापून-निवून थकणाऱ्या पात्याचं मरण अशाच तड्यांतून सुरू होतं. अतिशय आखूड स्पंदांचा फेम्टोसेकंद लेसर वापरला तर हा थर जवळजवळ येत नाही, हे खरं. मात्र तो महाग आणि खोल छिद्राला बराच संथ.

दुसरं हत्यार विजेचं. जॉब, म्हणजे छिद्र पाडायची वस्तू, धन टोकाला, टूल ऋण टोकाला, मधून क्षाराचं द्रावण खेळवायचं. धातू अणूअणूने विरघळतो. उष्णतेचा डाग नाही, ताण नाही, धातू कितीही कठीण असो, टूल झिजत नाही. पण काम संथ. फॅरडे या शास्त्रज्ञाने 1834 साली मांडलेल्या हिशेबाने एक अँपिअर प्रवाह एका मिनिटात फार तर सव्वादोन घन मिलिमीटर लोखंड नेतो, मोहरीच्या दाण्याएवढं. शिवाय प्रवाह आजूबाजूलाही पसरतो आणि छिद्राचं तोंड खातो.

मग आधी लेसर मारू, नंतर दुसऱ्या मशीनवर भिंत साफ करू, असं सुचणारच. वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. जॉब सोडून पुन्हा बांधला की काही मायक्रॉन इकडचे तिकडे झालेच. म्हणून दोन्ही हत्यारं एकाच जागी, एकाच वेळी चालली पाहिजेत. बेल्जियममधल्या ल्युव्हेन आणि चीनमधल्या शांघायच्या विद्यापीठांत त्यासाठी बारीक नळीचं टूल घडवलं गेलं. नळीतून द्रावण वाहतं आणि त्याच द्रावणातून लेसरही उतरतो. पाण्याच्या धारेत प्रकाश कोंडून वळवता येतो, हे कोलाडॉन या भौतिकशास्त्रज्ञाने जिनिव्हात 1841 सालीच दाखवलं होतं. नळीच्या आतल्या अंगाला पाण्यापेक्षा कमी अपवर्तनांकाचा लेप दिला, की तेच तत्त्व इथे लागू पडतं. रंग मात्र जपून निवडावा लागतो. अवरक्त किरण पाणी पिऊन टाकतं. 532 नॅनोमीटरचा हिरवा त्यातून सहज पार होतो.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आता सांगतो. सोडियम नायट्रेटच्या द्रावणात अनेक धातूंवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि विरघळणं अडतं. लेसर पडतो तेवढ्याच ठिपक्यावरचा पापुद्रा फाटतो. तिथलं द्रावणही तापतं, आणि दर अंशाला त्याची वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजे विजेला कुठे खायचं आणि कुठे नाही, हे लेसर दाखवतो. शेजारच्या भिंतीला तिचाच पापुद्रा राखतो. आणि लेसरने मागे ठेवलेला पांढरा थर वीज लगोलग धुऊन नेते. दोघांचे दोष एकमेकांनीच फेडले.

अडचणी आहेत. टूलजवळ हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि प्रकाश विखुरतात. ज्यातून वीज वाहत नाही अशा काचेला, बहुतेक सिरॅमिक्सना ही जोडी निरुपयोगी. आणि क्रोमियमयुक्त मिश्रधातू विरघळताना द्रावणात षट्संयुजी क्रोमियम उतरू शकतं, ते कर्करोगाला कारण होतं. इथे बसलेल्या कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, की असं यंत्र घ्याल तेव्हा द्रावणातल्या गाळाच्या विल्हेवाटीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

मागच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडले आहेत. डावीकडे नुसत्या लेसरचं छिद्र आहे, उजवीकडे दोन्ही हत्यारांचं. जाताना दोन्ही भिंती पाहून जा.