फळ्यावरचं नाव

भाकरी थापून झाल्या असतील तर या, बसा. नसतील झाल्या तर रेडिओ चुलीपाशी घ्या आणि हात चालू ठेवा.

मागच्या महिन्यात आम्ही रेडिओ गटातल्या पाच जणी ग्रामपंचायतीत एका दाखल्यासाठी गेलो होतो. ग्रामसेवक यायचे होते, म्हणून भिंतीवरचा फळा वाचत बसलो. आजवरच्या सरपंचांची नावं, कधीपासून कधीपर्यंत, सगळं ओळीनं लिहिलेलं. खालच्या ओळींत दोन बायकांची नावं होती. आमच्यातली एक म्हणाली, "नाव बाईचं, पण शिक्का कुणाच्या खिशात होता?" आम्ही सगळ्या हसलो. आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

तसाच एक फळा सैन्याच्या पलटणीतही लावतात. पलटणीच्या प्रमुखाला कमांडिंग ऑफिसर म्हणतात. दोन-तीन वर्षांनी प्रमुख बदलतो आणि फळ्यावर नवं नाव चढतं. आज आम्ही सांगणार आहोत ती अशाच पलटणींची गोष्ट. पण या पलटणी बंदुकीपेक्षा पहार आणि फावड्यानं ओळखल्या जातात.

सैन्यात इंजिनियरांचं एक मोठं दल आहे. त्यातल्या जवानाला 'सॅपर' म्हणतात. पूर्वी किल्ल्याच्या तटापर्यंत चर खणत जाणारा तो सॅपर. सैन्याला पुढे जायचं तर आधी वाट हवी. नदीवर पूल, डोंगरात रस्ता, आणि शत्रूनं जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढणं, ही सगळी कामं यांची. म्हणजे सैन्याच्याही आधी जायचं, आणि तेही हातात अवजार घेऊन.

या दलाचे तीन जुने गट आहेत. मद्रासचा गट बेंगळुरूला, बंगालचा रुरकीला आणि मुंबईचा आपल्या पुण्याजवळ खडकीला. मुंबईचा गट, म्हणजे बॉम्बे सॅपर्स, आपला इतिहास १८२० पासून मोजतो. आपल्या कितीतरी गावांतली पोरं तिथून शिकून गेली. कुणाच्या घरात आजोबांचा फोटो असेल, तर विचारून बघा, ते कुठल्या पलटणीत होते.

आता या गटातल्या दोन अधिकाऱ्यांची गोष्ट ऐका.

पहिले प्रेमिंद्रसिंग भगत. साल १९४१, दुसरं महायुद्ध. तेव्हा ते बावीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट होते, म्हणजे अधिकाऱ्यांमधली सगळ्यांत खालची पायरी. आफ्रिकेत, अबिसिनियाच्या मोहिमेत, पळणाऱ्या शत्रूनं रस्ताभर सुरुंग पेरून ठेवले होते. भगतांचं काम होतं गाडीतून सगळ्यांच्या पुढे जायचं आणि ते सुरुंग काढायचे. दोनदा त्यांच्या गाडीखालीच सुरुंग फुटला. बरोबरची माणसं गेली. त्यांच्या कानाचा पडदा फाटला. तरीही चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम करून त्यांनी ५५ मैलांच्या वाटेवरची सुरुंगांची पंधरा क्षेत्रं मोकळी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले.

दुसरे रामा राघोबा राणे. कारवार तालुक्यातल्या चेंडिये गावचे. १९४० साली साधे जवान म्हणून भरती झाले आणि पायरी पायरी चढत अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत आपल्या फौजेला नौशेराहून राजौरीला पोचायचं होतं. राजौरीतली माणसं संकटात होती. रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं तोडून आडवी टाकलेली, आणि वरून गोळीबार. पहिल्याच दिवशी त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. मांडीला जखम, पण ते मागे फिरले नाहीत. पुढे रणगाड्याखाली सरपटत, रणगाड्याच्या आडोशानं ते सुरुंग काढत गेले. चालकाला इशारा द्यायला दोरी बांधली होती. दोरी ओढली की रणगाडा थांबायचा, पुन्हा ओढली की चालायचा. चार दिवसांत वाट मोकळी झाली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. हे चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले.

मैत्रिणींनो, या दोघांत एक गोष्ट सारखी आहे. हाताखालच्या माणसांना "तुम्ही जा" असं ते म्हणाले नाहीत. ते "चला" म्हणाले आणि स्वतः पुढे झाले. इंजिनियरांच्या पलटणीत मोठेपणा असा मोजतात.

मग प्रश्न येतो, या फळ्यावर बाईचं नाव का नव्हतं?

डॉक्टर आणि नर्स म्हणून बायका सैन्यात आधीपासून होत्या. १९९२ पासून इतर शाखांमध्येही त्या अधिकारी म्हणून जाऊ लागल्या, आणि पुढे इंजिनियरांतही. पण बहुतेकींची नोकरी ठरावीक वर्षांपुरतीच. पलटणीचा प्रमुख व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढी त्यांना मिळायचीच नाहीत. अनुभव घ्यायचा, घाम गाळायचा आणि वर चढायची वेळ आली की घरी यायचं. ओळखीचं वाटतं ना?

बायका कोर्टात गेल्या. अनेक वर्षं खटला चालला. आता नीट ऐका, सरकारच्या बाजूनं एक कारण काय दिलं गेलं. जवान बहुतेक खेड्यापाड्यातून आलेले असतात, बाईचा हुकूम ऐकायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही!

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या गटातल्या एक काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा सैन्यात आहे. म्हणाल्या, "माझा पोरगा खेड्यातलाच. वीस वर्षं माझंच ऐकून वाढलाय. कधी उठायचं, कधी शाळेत जायचं, शेतात कुठं पाणी लावायचं, सगळं मीच सांगितलं. त्याला बाईचं ऐकता येत नाही हे कुणी ठरवलं?" त्यावर आम्हांला काही जोडायचं नाही.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कारण नाकारलं. ज्या शाखांत बायका अधिकारी आहेत, तिथे त्यांनाही कायम नोकरी द्या आणि बाई आहे म्हणून प्रमुखपद सरसकट नाकारू नका, असा निकाल दिला. त्यात इंजिनियरांची शाखाही आली. २०२३ मध्ये कर्नलच्या १०८ जागांसाठी बायकांची निवड झाली. कर्नल म्हणजे पलटण चालवू शकेल असा हुद्दा. फळ्यावर बाईचं नाव चढायची वाट मोकळी झाली.

आणि त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी टीव्हीवर पाहिली असेल. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळात वायनाडला डोंगर खचला. दोनशेहून अधिक माणसं गेली. चूरलमला आणि मुंडक्कई या गावांमधला पूल वाहून गेला. पलीकडे माणसं अडकलेली, आणि माती उपसायला यंत्रं नेता येईनात. सैन्याच्या मद्रास गटानं तिथे बेली पूल उभा केला. हा पूल म्हणजे लोखंडी चौकटींची जोडणी. एक चौकट दहा फुटांची, सहा माणसांनी उचलायची. खिळ्यांनी एकीला एक जोडायची आणि रुळांवरून पलीकडे ढकलत न्यायची. १९० फुटांचा तो पूल ३१ जुलैच्या रात्री सुरू झाला आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी तयार झाला. २४ टनांचं वजन पेलणारा.

ते काम पाहत होत्या मेजर सीता शेळके. नगर जिल्ह्यातल्या, पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. आपल्यासारख्याच दुष्काळी भागातल्या. पावसात, चिखलात उभं राहून त्यांनी जवानांकडून काम करून घेतलं. आणि खेड्यापाड्यातून आलेल्या त्या जवानांनी त्यांचं ऐकलं. पूल त्याशिवाय उभा राहिला नसता.

मेजर म्हणजे अजून पलटणीचा प्रमुख नव्हे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण कोर्टात दिलेल्या त्या कारणाचं उत्तर वायनाडच्या नदीवर मिळालं.

आता आपल्या फळ्याकडे येऊ. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणजे नाव चढायचा प्रश्न सुटला. पण नावाबरोबर काम आलं का? बचतगटाची अध्यक्ष तुम्ही असाल, तर बँकेत पासबुक घेऊन कोण जातं? सही तुमची, पण कागद वाचतं कोण? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असा नियम आहे. ती तुमच्या गावात खरंच होते, की नुसत्या सह्या गोळा करतात?

आम्ही त्या दिवशी फळ्यासमोर बसून एक गोष्ट ठरवली. आमच्या गटात आता दर वर्षी अध्यक्ष बदलणार. आणि जी अध्यक्ष होईल ती पहिल्या महिन्यात स्वतः बँकेत जाणार, स्वतः हिशेब वाचणार. वाचता येत नसेल तर दुसरी वाचून दाखवेल, पण कागद समजल्याशिवाय सही नाही. सोबत सगळ्या जणी असतील, पुढे मात्र ती असेल.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. काय ठरलं ते आम्हांला कळवा. पुढच्या वेळी तेच सांगू.

येतो आम्ही. दूध उतू जाऊ देऊ नका. रामराम!