भार कुठून कुठे जातो?



आज आम्ही कर्जफेडीवर किंवा पापडाच्या भावावर बोलणार नाही. आज इंजिनिअरिंगच्या एका विषयावर बोलायचे आहे. पण रेडिओ बंद करू नका. हा विषय आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरचा आहे, अगदी खराखुरा डोक्यावरचा. तो आपल्या घराच्या छताचा आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावातून या वाटेला गेलेली ती पहिलीच मुलगी. पात्र कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शासनाने शिक्षण शुल्क माफ केले आहे. पण खोली, मेस, पुस्तके आणि एसटीचे भाडे घरालाच भरावे लागते. त्यासाठी गटाने अंतर्गत कर्जातून वीस हजार रुपये दिले. आणि फेब्रुवारीत निकाल आला. एक विषय राहिला. त्याचे नाव स्ट्रक्चरल ॲनालिसिस.

गावात बोलणे सुरू झाले. "मुलीच्या जातीला हे कसं जमायचं? चांगलं स्थळ आलंय, देऊन टाका." गटातही प्रश्न निघाला, दुसरा हप्ता द्यायचा की नाही? खोटे कशाला सांगू, आमच्यातल्या निम्म्या जणी नको म्हणणाऱ्या होत्या. 'पुढील बैठकीत ठरवू' असे वहीत लिहून आम्ही उठलो.

त्याच दिवसांत आमच्या मसाला कांडपाच्या शेडचे काम चालू होते. मिरचीची पोती पावसात भिजू नयेत म्हणून स्लॅब पुढे चार फूट काढून छज्जा करायचा होता. मजुरी वाचावी म्हणून स्लॅबच्या दिवशी घमेली वाहायला आम्हीच उभ्या राहिलो. मुलगी पाडव्याच्या सुट्टीला आली होती, तीही आईबरोबर आली.

आम्ही घमेली घेऊन छज्ज्याच्या सळयांवरून ये-जा करत होतो. तेवढ्यात ती ओरडली, "मावशी, थांबा! सगळ्या जणी बाजूला व्हा!" मिस्त्रींनी सळया वरच्या अंगाला बांधल्या होत्या. आमच्या पायांनी त्या दबून खाली फळ्यांना टेकल्या होत्या. छज्ज्यावर काँक्रीट पडायला अजून थोडा वेळ होता, म्हणून बरे. नाहीतर चूक आत गाडली गेली असती आणि वरून गुळगुळीत छज्जा दिसला असता.

सळया वर असोत की खाली, आहेत ना? आम्हालाही असेच वाटले. तेव्हा तिने गादीतल्या फोमचा एक लांब तुकडा आणला. त्याच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारल्या. तुम्हीही घरी करून बघा. तुकडा दोन विटांवर ठेवून मधे बोट दाबा. तो खाली वाकतो. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, खालच्या बाजूला लांब जातात. म्हणजे वरचे अंग दाबले जाते, खालचे ताणले जाते. आता तुकड्याचे एकच टोक विटेखाली दाबा आणि दुसरे अधांतरी सोडा. तो झुकतो, आणि या वेळी रेघा वरच्या बाजूला फाकतात.

काँक्रीट दाब सोसते, पण ताण त्याला सोसवत नाही, त्याला तडा जातो. ताण सोसायला सळई लागते. म्हणून दोन भिंतींवर टेकलेल्या साध्या स्लॅबला मधल्या भागात मुख्य सळई खाली लागते आणि अधांतरी छज्ज्याला वर लागते. तिने अजून एक गोष्ट सांगितली. दोन फुटांचा छज्जा तितक्याच जाडीचा ठेवून चार फूट केला, तर मुळाशी त्याला वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

मिस्त्रींनी वाकून पाहिले. म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतीय. मी वरच बांधल्या होत्या." तीही म्हणाली, "मामा, मी अजून शिकतेय. साहेबांना विचारून घ्या." पंचायत समितीच्या अभियंत्यांना फोन लावला, त्यांनी तेच सांगितले. सळया उचलल्या, खाली वाकवलेल्या सळईचे पाय दिले, चालायला फळ्या टाकल्या. मग काम पुढे गेले.

हे सगळे येते, मग ती नापास कशी झाली? आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "मी गणितं पाठ केली होती." या विषयात एक रीत आहे, अमेरिकेतले प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मांडलेली. चार जणींनी मिळून ओझे धरले आणि एकीने हात सैल केला, तर तिचा भार बाकीच्यांवर जातो. पण सारखा नाही. जिचा हात घट्ट, तिच्यावर जास्त. इमारतीचे खांब आणि बीम असेच भार वाटून घेतात, आणि त्या रीतीने ती वाटणी पायरीपायरीने कागदावर मांडता येते. एका पायरीला अधिकऐवजी उणे लिहिले की खालचा सगळा हिशोब चुकतो. तिचे तसेच झाले. आता ती आधी वाकलेला आकार काढते, रेघा कुठे फाकतील ते बघते, आणि मग आकडा मांडते. उत्तर आकाराशी जुळले नाही तर चूक लगेच सापडते.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या थोरल्या बायकांना आठवते. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे झोपली होती. मातीत रचलेल्या दगडी जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. किल्लारीच्या भूकंपात तीच घरे हजारो माणसांवर कोसळली. भिंत जाड म्हणजे घर मजबूत, असे सगळ्यांना वाटत होते. भार कुठून कुठे जातो, हे बघणारे कोणी नव्हते.

पुढच्या बैठकीत हे सगळे निघाले. 'मुलीच्या जातीला' म्हणणाऱ्यांना सांगायला एक नावही मिळाले. शकुंतला भगत यांनी १९५३ मध्येच मुंबईत सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे पुलांच्या बांधणीत नाव कमावले. दुसरा हप्ता मंजूर झाला. स्थळ आईने परत पाठवले. मुलीने उन्हाळी परीक्षेत तोच पेपर पुन्हा दिला आहे. निकाल अजून लागायचा आहे, आणि काहीही लागला तरी पैसे परत मागायचे नाहीत, असे वहीत लिहिले आहे. फेड नोकरी लागल्यावर.

घरकुल असो की शेड, स्लॅबच्या दिवशी एवढे बघा. छज्ज्याची मुख्य सळई वर आहे का? ती मागे स्लॅबमध्ये लांबवर गेली आहे का? चालायला फळ्या टाकल्या आहेत का? आणि छज्ज्याचे टेकू अभियंत्याला विचारल्याशिवाय काढू नका. काढताना मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे या.

तुमच्या गटात एखादी मुलगी विषय राहिला म्हणून घरी बसली असेल, तर तिला एकदा विचारा, नेमके कुठे अडले? आणि ती सांगेल ते बसून ऐका.