राखीव यादी : नाव लागले, पुढे काय?

(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांची मुले आज शिकून पुढे आली आहेत. घरोघरी आता संयुक्त राष्ट्रसंघातील नोकऱ्यांच्या गोष्टी निघतात. आम्हांला त्याचा आनंद आहे. परंतु तेथील 'राखीव यादी' म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. येथे राखीव म्हणजे आरक्षण नव्हे. निवडीत पास झालेल्या, पण अद्याप जागा न मिळालेल्या उमेदवारांची ही यादी असते.

ही पद्धत युरोपीय संघात सर्वांत स्पष्ट दिसते. तेथील नोकऱ्या सर्वसाधारणपणे सदस्य देशांच्या नागरिकांनाच मिळतात. संघाच्या सर्व संस्थांसाठी निवड परीक्षा घेणारे एकच कार्यालय २००२ साली स्थापन झाले. नियमच असा आहे की, शक्यतो जागांच्या किमान दुप्पट नावे यादीत असावीत. म्हणजे ५० जागा असतील तर १०० नावे! त्यातले निम्मे घरीच राहू शकतात, हे पहिल्या दिवशीच ठरलेले.

आपल्या गाडीच्या वेटिंग तिकिटाला नंबर असतो. पुढचा गळला की मागचा सरकतो. येथे तसे नाही. ज्या खात्याला माणूस हवा, ते यादीतील काहींना बोलावून मुलाखत घेते आणि पसंत पडेल त्याला नेमते. यादीला मुदत असते. ती कधी वाढते, पण संपली की पास उमेदवार पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

संयुक्त राष्ट्रसंघात याच यादीला 'रोस्टर' म्हणतात. हा ड्युटीचा रोस्टर नव्हे! एका जागेसाठी एकाची निवड होते आणि शिफारस झालेल्या इतरांची नावे रोस्टरवर राहतात. पुढे त्याच दर्जाची, तशाच कामाची जागा निघाली तर त्यांतून नेमणूक करता येते. करावीच लागते असे नाही. २०२३ साली पैशाची चणचण आली तेव्हा सचिवालयाने भरतीवरच निर्बंध घातले. रोस्टरवर नाव असून काय उपयोग?

बंधूंनो, हा प्रश्न आपल्याला परका नाही. रेल्वेत सिलेक्शनच्या पॅनेलची मुदत २ वर्षे. १९९१ साली शंकरसन दाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवड यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही. मात्र त्याच निकालात असेही म्हटले आहे की, सरकारला मनमानी करता येणार नाही. जागा न भरण्यास योग्य कारण हवे, आणि भरल्याच तर गुणवत्तेचा क्रम पाळला पाहिजे.

हा क्रमच आपली खरी ढाल आहे. क्रम नसलेल्या यादीत साहेबाची मर्जी चालते. उद्या 'लवचिक भरती'च्या नावाखाली कोणी हा क्रम काढू पाहील, तर आपण सावध राहिले पाहिजे. म्हणून प्रत्येक पॅनेलबाबत आपण चार गोष्टी विचारू : जागा किती, नावे किती, क्रम कोणता, मुदत केव्हा संपते? उत्तर लेखी घेऊ.

मुलांनाही एवढे सांगा. अर्ज जरूर करा, पण यादीच्या भरवशावर हातची नोकरी सोडू नका. आणि संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाही. त्या नावाने पैसे मागणारा दलाल दारात आला, तर त्याला तेथूनच परत पाठवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!