शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा



मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपुरातच आढळले. त्यानंतर येथील डॉक्टर आणि परिचारिका यांच्या वाट्याला जे दिवस आले, त्यांचे स्मरण आपणा सर्वांना आहे. दुसरी लाट ओसरू लागली तेव्हा, ३१ मे २०२१ रोजी, राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे कनिष्ठ डॉक्टर संपावर गेले. विद्यावेतनातील वाढीबरोबरच त्यांची आणखी एक मागणी होती: कोरोना झाल्यास आपणावर व आपल्या कुटुंबियांवर विनामूल्य उपचार व्हावेत. ३ जून रोजी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने संप बेकायदेशीर ठरवला. त्यावर सुमारे ३००० डॉक्टरांनी राजीनामे दिले. ७ जूनला संप मिटला.

रुग्णाला वाऱ्यावर सोडता येत नाही, हे खरेच. परंतु इतरांवर उपचार करणाऱ्यांना स्वतःच्या उपचारांची हमी मागावी लागली, हेही तितकेच खरे आहे.

अशा थकव्याला १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसतज्ज्ञाने ‘बर्नआउट’ हे नाव दिले. जळून जळून आतून रिते होणे, असा त्याचा अर्थ. पुढे क्रिस्टिना मास्लॅक यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली: मन थकून जाणे, रुग्णाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काहीच घडत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केले की, हा रोग नसून कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था आहे.

अवस्था कामातून उद्भवत असेल, तर तिचा उपायही कामाच्या रचनेतच शोधावयास हवा. निवासी डॉक्टरांना सामान्यतः सलग १२ तासांहून अधिक काम देऊ नये, असा केंद्र सरकारचा निर्देश १९९२ पासून आहे. तो पाळला गेला, तर अर्धे औषध तेच ठरेल. मनोबल हा काही उपदेशाने निर्माण होणारा गुण नव्हे. पुरेशी झोप, ठरलेली सुटी, रुग्ण दगावल्यावर सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची सवड, वरिष्ठांचा आपुलकीचा एक शब्द आणि संकोच न बाळगता मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची मुभा, यांवरच ते पोसले जाते.

समईने रात्रभर तेवावे असे वाटत असेल, तर तिच्यात वेळोवेळी तेल घालणे हे घरच्यांचेच काम असते.