विद्यापीठातील पदकपात आणि आपली जबाबदारी



आम्ही बँकेतील कारकून, शिक्षण कला शाखेचे. विद्यापीठाच्या कारभारावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. परंतु जमाखर्चाचा हिशेब आम्ही रोज पाहतो आणि ज्या पदवीवर ही नोकरी मिळाली, ती विद्यापीठानेच दिली. एवढ्या नात्याने चार शब्द मांडतो.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादेत स्थापन झाले. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लाभले. मधल्या काळात लोकांची घरे जळाली, माणसे मारली गेली. ते नाव फलकावर आहे याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु फलकाच्या आत शिकवणाऱ्यांची किती पदे भरलेली आहेत, याची आपण कधी विचारणा केली आहे काय?

कपात म्हटली की हातात नोटीस पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. निदान ते दिसले तरी. विद्यापीठात असे काही दिसत नाही. एक प्राध्यापक निवृत्त होतात, शाल-श्रीफळ देऊन निरोप होतो आणि ती खुर्ची रिकामी राहते. कोणालाही काढलेले नसते, म्हणून कोणी ओरडत नाही.

मे २०१७ मध्ये राज्याच्या वित्त विभागाने सुधारित आकृतिबंध मंजूर होईपर्यंत नवी भरती थांबवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील ३५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास परवानगी मिळाली, ती रिक्त पदांच्या ४० टक्केच. ती भरती पूर्ण होण्याआधीच मे २०२० मध्ये कोरोनाच्या कारणाने पुन्हा बंदी आली. उरलेल्या २०८८ पदांसाठी २०२१ साली नव्याने परवानगी द्यावी लागली. मधल्या वर्षांत वर्ग तर चालूच होते. ते चालवले तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी. नेट, सेट, पीएच.डी. झालेली ही मुले-मुली तासाप्रमाणे पैसे घेतात. सुट्टी लागली की त्यांची मिळकत थांबते.

आता हा प्रश्न आपला कसा, ते पाहू. आरक्षण हे मंजूर पदावर असते. प्रत्येक पदाला बिंदुनामावलीत क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून ते कोणत्या प्रवर्गाचे हे ठरते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. पण पदच भरले नाही तर १३ टक्के कशाचे? शून्याचे १३ टक्के शून्यच. राज्यघटनेतील एक अक्षरही न बदलता आरक्षण संपवण्याचा हा सोपा मार्ग आहे.

शिवाय पीएच.डी.चे मार्गदर्शक कायम प्राध्यापकच होऊ शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक विद्यार्थी असू शकतात. म्हणजे प्राध्यापकाचे एक पद रिकामे राहिले की संशोधनाच्या ८ जागा बुडतात. श्रीमंताचा मुलगा पुण्या-मुंबईला किंवा परदेशी जाईल. जालना-बीडच्या शेतमजुराच्या मुलीने कोठे जावे? पालीसारख्या लहान विभागात तर एक-दोन माणसे गेली तरी विभाग ओस पडतो.

सरकारकडे पैसा नाही, असे उत्तर मिळते. पगार आणि निवृत्तिवेतनाचा बोजा मोठा आहे, हे खरे. परंतु खर्च कोठे करायचा, हा निवडीचा प्रश्न आहे. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हाच हिशेब मांडला होता. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले. न भरलेल्या पदाचा पगार वहीत शिल्लक म्हणून दिसतो. आमच्या मते ती शिल्लक नव्हे. ती विद्यार्थ्यांच्या नावावर टाकलेली उधारी आहे.

विरोध करून काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक अलीकडचे उदाहरण देतो. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने शिक्षकांच्या आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हे एकक धरण्यास सांगितले. तेरा बिंदूंच्या त्या पद्धतीत अनुसूचित जातीचा क्रमांक सातवा आणि जमातीचा चौदावा. सहा पदांच्या विभागात दोघांनाही काही नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. मग देशभरातील शिक्षक, विद्यार्थी आणि संघटना रस्त्यावर उतरल्या. ५ मार्चला भारत बंद झाला. ७ मार्चला केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी संसदेत कायदा झाला. संपूर्ण संस्था हे एकक पुन्हा मान्य झाले. संघटित आवाज ऐकावा लागतो, तो असा.

आपल्या हातीही साधने आहेत. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात चार प्रश्न विचारावेत : मंजूर पदे किती, भरलेली किती, बिंदुनामावलीप्रमाणे राखीव किती, तासिकेवर किती? दुसरे, विद्यापीठाचे अंदाजपत्रक अधिसभेपुढे येते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे तेथे नोंदणीकृत पदवीधरांचे १० निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. आपल्या सभासदांत पदवीधर पुष्कळ आहेत. त्यांनी मतदार म्हणून नोंदणी करावी आणि मत मागायला येणाऱ्यास हेच चार प्रश्न विचारावेत. तिसरे, तासिकेवरील शिक्षकांच्या आंदोलनाला विद्यार्थ्यांनी आपले आंदोलन समजावे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या पात्रता घेऊन तुम्ही दाराशी जाल, तेव्हा जाहिरात निघालेली असावी. ती निघावी म्हणून आजपासून विचारणा करणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.

जयभीम.