भिंतीवरचा चौक, पुरुषाचा कुर्ता

(पावस, जि. रत्नागिरी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंब्याचा हंगाम संपला की तुमच्या गटातल्या बायका पुरुषांसाठी वारली चित्रांचे कुर्ते आणि जाकिटं शिवणार आहेत, असं कळलं. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात बाहेरगावचे भक्त येतात, गणपतीला चाकरमानी येतात, त्यांना ते विकायचे. बेत चांगला आहे. कापड मात्र बाजारातून छापील तागे आणून वापरायचं ठरतंय. मला बोलायचंय ते या ताग्यांबद्दल.

त्यावरची ती पांढरी, त्रिकोणी अंगाची माणसं आली कुठून? डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्न निघालं की भिंत शेणानं सारवतात, वर गेरू देतात आणि सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक काढतात. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात मधोमध पालघट देवी. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही, आणि तिथे मंत्रांच्या जागी गाणी असतात, ती म्हणून लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. आपल्याकडे भटजीच्या जागी बाई बसली तर अजून भुवया वर जातात! पण फार भाबडेपणाही नको. चौक सवाशिणींचा, म्हणजे नवरा गेलेल्या बाईला तिथेही जागा नाहीच. आणि याच लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलं की नवरा 'लग्नगडी' व्हायचा, त्याच्याबरोबर बायकोही वेठीला जुंपली जायची. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुमच्यापैकी काहीजणींनी वाचलं असेल.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी कामासाठी या पाड्यांवर गेले. त्याआधी, बिहारात १९६६-६७चा दुष्काळ पडला तेव्हा, मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देऊन भिंतीवरची चित्रं त्यावर काढा, असं सांगणारेही तेच. मिथिलेतल्या बायका स्वतःच्या नावानं उभ्या राहिल्या. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवींना, गंगा देवींना. आपल्याकडे मात्र नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ची पद्मश्री. लग्नकार्य नसतानाही रोज चित्र काढणारा हा माणूस खरोखर मोठा कलावंत होता, २०१८ साली गेला. त्याचं मोठेपण मला कमी करायचं नाही. पण त्याच्यामागून पुरुषांनी ब्रश हाती घेतला आणि चौक काढणाऱ्या बायका भिंतीपाशीच राहिल्या. बायका बुजऱ्या, शहरात जायला, व्यवहार करायला धजत नाहीत, असं कारण सांगतात. मिथिलेत काय पडदा नव्हता? तरीही तिथल्या बायकांना जमलंच ना!

भिंतीवरून कागदावर येताना बाईचं नाव गळलं. कागदावरून स्क्रीन प्रिंटच्या ताग्यावर येताना वारल्याचंही गळलं. आता ते चित्र शहरातल्या पुरुषाच्या छातीवर आहे. तो शुक्रवारी 'एथनिक' घालतो, कौतुक होतं, सोमवारी पुन्हा पँट-शर्ट. वारली पुरुषानं लंगोटी सोडून पँट-शर्ट घातला तो मात्र माणसांत गणलं जावं म्हणून. आणि परंपरा अंगावर बाळगायची की नाही, हे ठरवायची मुभा बाईला कधी होती?

पुरुषांच्या फॅशनचं हे फक्त आपल्या गल्लीतलं नाही. जून २०२५मध्ये मिलानला प्राडा कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. इथून ओरड झाली, मग कंपनीनं प्रेरणा कुठली ते कबूल केलं. ओरड बरोबरच होती. पण त्या चपलांच्या वेण्या घालणाऱ्या बायकांचं नाव ओरडणाऱ्यांनीही घेतलं नाही.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे ना. आहे. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्या हापूसला २०१८ साली मिळालं, म्हणून तुम्हाला हे लवकर कळेल. मानांकन नावाला मिळतं. बाहेरचा आंबा 'हापूस' म्हणून विकू नये, एवढं ते सांगतं. त्याचा फायदा घ्यायचा तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. हापूससाठी त्याला सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं ते तुम्हाला माहीत आहे. आंबे निवडून पेटीत गवत घालून रचणारी बाई कुठल्याच कागदावर नसते. वारली बाईचंही तसंच. तिचा चौक म्हणून जगात खपतो, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून तिची स्वतःची नोंद नसेल तर मानांकनाचा तिला उपयोग काय?

म्हणून माझं म्हणणं आहे, तागे आणू नका. साधं खादी किंवा हातमागाचं कापड घ्या आणि डहाणूकडच्या वारली बायकांकडून ते रंगवून घ्या, नगाप्रमाणे ठरलेला दर देऊन, पैसे त्यांच्याच हातात. कुर्ता महाग होईल, हे मान्य. थोडे कमी शिवा. तारपा नाच काढून घ्या, झाडं, शेत, गुरं काढून घ्या. पालघट देवीचा चौक मात्र मागू नका. तो लग्नाचा आहे. घामाच्या शर्टावर, इस्त्रीखाली त्याचं काही काम नाही. ज्या बाईनं आयुष्यभर तो भिंतीवर काढला, तिला तो शर्टावर काढायला लावणं मला तरी रुचत नाही. तिनं स्वतःहून काढून दिला तर गोष्ट वेगळी.

आणि प्रत्येक कुर्त्याच्या आत एक पट्टी शिवा. चित्र कुणी काढलं, कुर्ता कुणी शिवला, दोघींची नावं, गावांसकट. त्यांची हरकत नाही ना, हे आधी विचारून. 'अमुक यांची पत्नी' नको.

आता उरला शिलाईचा दर. मघाशी एका ताईंनी जाकिटाचा जो दर सांगितला, त्यात काज-बटणाचे पैसे धरलेलेच नाहीत, आणि रात्री जागून काढलेला वेळही नाही. चहा झाला की वही-पेन्सिल घेऊन बसू. कापडापासून बटणापर्यंत सगळं मांडू, आणि तुमच्या तासाचे किती ते आधी लिहू.