भोंगा वाजल्यावर



सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. कोरोनाच्या काळात शाळाच मोबाईलमध्ये भरली होती. ती पुन्हा वर्गात भरू लागली, तरी मुलांच्या हातातला फोन सुटेना. म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढे हा विचार मांडला.

यातली वेळ मला फार मोलाची वाटते. सात ते साडेआठ म्हणजे मालिकांची वेळ, दिवसभर रानात राबून आलेल्या बाईचा तेवढाच विसावा. तो तिने सोडला, म्हणून मुलाला ‘फोन ठेव’ म्हणायचा हक्क तिला आला. आपण शहरातले आईबाप मुलांवर ओरडतो तेव्हा आपल्याही हातात फोन असतो, आणि मुलं ते बघत असतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली, दंडही ठरवला. त्यामागची कळकळ मला कळते. तरी वडगावची वाट मला जास्त न्यायाची वाटते. तिथे आजीपासून नातवापर्यंत नियम एकच.

शिवाय एकट्यादुकट्या घराला हे पेलत नाही. शेजारून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं की आपला निश्चय ढिला पडतो. सगळी आळीच शांत झाली, तर मूल बोट दाखवणार कुणाकडे? पूर्वी दिवेलागणीला घरोघरी परवचा चाले, तेव्हाही शेजारच्या पोरांचे पाढे कानावर आले की आपलीही पोरं बसत.

कुणी म्हणेल, हे गावातच जमायचं. मुंबईत सात वाजता निम्मी माणसं लोकलमध्ये लटकलेली असतात. खरं आहे. मग आपण आपली वेळ शोधू. आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत मी रात्री नऊ ते साडेनऊ सुचवणार आहे. बहुतेक घरांत तेव्हा पानं वाढलेली असतात. आधी एकाच विंगेने महिनाभर करून पाहावं. आणि त्या सभेला मुलांनाही बोलवावं, असा माझा आग्रह राहील. नियम त्यांनाही पाळायचा आहे, तर तो ठरवताना त्यांचं म्हणणं ऐकायला हवं.